ताईचं दुखणं आणि सुपीरियरची आज्ञा

डॉक्टरांनी एम.आर.आय.ची फिल्म उजेडात धरली आणि म्हणाले, “सिस्टर, याला पॉट्स स्पाइन म्हणतात. म्हणजे मणक्याचा टीबी. कमरेचे दोन मणके पोखरलेत आणि शेजारी पू साठलाय.” यावर माझी ताई हात जोडून म्हणाली, “थँक्यू, डॉक्टर.” जणू त्यांनी तिच्या हातावर पेढा ठेवला होता.

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, “ती नन आहे. आधी आभार मानायचे आणि मग काय झालंय ते विचारायचं, अशी पद्धत आहे त्यांच्यात.”

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ऐन विशीत कॉन्व्हेंटात गेली आणि लीलाची सिस्टर आग्नेस झाली. तिथे तीन व्रतं घ्यावी लागतात: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. मी विमा कंपनीत नोकरी करून निवृत्त झाले, कोथरूडला एकटी राहते आणि नाताळ सोडला तर चर्चची पायरी चढत नाही. पहिल्या दोन व्रतांशी माझं काही भांडण नाही, बऱ्याच लोकांना ती न घेताच पाळावी लागतात. तिसऱ्याचा मात्र मला पहिल्यापासून तिटकारा. सुपीरियरने, म्हणजे मठाच्या प्रमुख सिस्टरने, सांगितलं की उठायचं, सांगितलं की बसायचं. शिकलेल्या बाईने असं का जगावं हे मला कधीच कळलं नाही.

पहिली लक्षणं अगदी साधी होती. कंबर दुखायची, संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, अंगातला झगा महिन्यागणिक सैल होत चालला होता. कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातल्या मुलींची पांघरुणं धुणं, पाण्याच्या बादल्या उचलणं, सगळं चालूच होतं. पॅरिशमधल्या, म्हणजे चर्चच्या मंडळीतल्या, बायका मला भेटल्या की म्हणायच्या, “सिस्टरांच्या चेहऱ्यावर काय तेज आलंय हो. तपश्चर्या आहे ती.” टीबीच्या तापाला तेज म्हणणारी ही माणसं. त्यांच्यातल्या एकीलाही थर्मामीटर लावावासा वाटला नाही. शेवटी एका सकाळी बादली उचलायला वाकलेली ताई उठूच शकली नाही, तेव्हा कुठे तिला इस्पितळात नेलं.

बायॉप्सी झाली, म्हणजे सुईने आतला तुकडा काढून तपासला, आणि निदान पक्कं झालं. चार गोळ्या एकदम सुरू झाल्या. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी सांगते: या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, घाबरू नका. आणि मणक्याचा टीबी शेजारी बसल्याने लागत नाही. डॉक्टरांनी हे मला दोनदा सांगितलं, मी पॅरिशमधल्या बायकांना चारदा सांगितलं. तरी टीबी हा शब्द ऐकल्यावर त्या तेजाच्या भक्तांपैकी ज्या दोघी आल्या, त्या दारातच उभ्या राहून, नाकाला पदर लावून, “आम्ही प्रार्थना करतोय हं,” म्हणाल्या आणि लिफ्टने खाली गेल्या.

दारात म्हणजे माझ्याच दारात. कॉन्व्हेंटमधली ताईची खोली वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून मी तिला माझ्याकडे आणलं होतं. तिथली सुपीरियर, सिस्टर प्रिसिला, हिने लगेच परवानगी दिली. ही बाई झारखंडकडची, ताईहून जवळजवळ तीस वर्षांनी लहान. सत्तरीला टेकलेल्या ताईने अशा पोरसवदा बाईला विचारून औषधाला जायचं, याचाच मला संताप यायचा. ताईच्या कमरेची जी वाट लागली ती हिच्यामुळे, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं होतं, “पट्टा बांधून झोपून राहायचं. पण पाय बधिर वाटला, पाऊल उचलेनासं झालं किंवा लघवी अडकली, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. मज्जातंतू दाबले जात असतील तर त्याच दिवशी ऑपरेशन करावं लागतं. उशीर झाला तर पाय परत येत नाही.”

मी रोज विचारायची. दुखणं किती आहे, दहापैकी सांग. ताई म्हणायची, दोन. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. कूस बदलताना ओठ दाताखाली धरायची आणि वर दोन. पायाला मुंग्या? नाहीत गं. छान आहेस तू, सुमे, किती करतेस माझं.

एका दुपारी ती भिंत धरत बाथरूमकडे निघाली. डावी चप्पल पलंगापाशीच राहिली आणि ताई तशीच पुढे चालत गेली.

“ताई, चप्पल कुठंय?”

तिने खाली बघितलं. बघितल्यावरच तिला कळलं. “सैल झालीय गं,” म्हणाली.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता इस्पितळात चल. तर म्हणे, “पुढच्या आठवड्यात तारीख आहेच की. उगाच कशाला त्यांना त्रास? प्रभूने क्रूसावर केवढं सोसलं.”

“त्याला एम.आर.आय.ची सोय नव्हती,” मी म्हटलं.

ती हसली, पण जागची हलली नाही. मी रागावले, विनवलं, रडलेसुद्धा. धडधाकट बुद्धीच्या बाईला उचलून रुग्णवाहिकेत कोंबता येत नाही. मग मी सिस्टर प्रिसिलाला फोन लावला, तो भांडायलाच. तुमच्या शिस्तीने माझी बहीण पांगळी होणार आहे, असं मी तिला सुनावलं. पलीकडून एवढंच आलं, “मी निघते.”

कर्वे रस्त्याच्या गर्दीतून स्कूटर हाणत ती आली. हेल्मेट काढून तिने आधी ताईचं डावं पाऊल हातात घेतलं, मग मला स्वयंपाकघरात नेलं. “मी अशी विचारली तर त्या ‘ठीक आहे’च बोलणार,” ती म्हणाली. तिचं मराठी हिंदीच्या वळणाचं. “व्रताखाली आज्ञा देता येते. नाही पाळली तर व्रत मोडतं. फार कमी देतात, मी कधीच दिली नाही. आमच्या नियमात त्याला दोन साक्षीदार लागतात.”

साक्षीदार म्हणून मी होते. म्हणजे जिने या व्रताची आयुष्यभर टिंगल केली ती. दुसऱ्या, शेजारच्या साठेवहिनी, मुगाचं कढण घेऊन नुकत्याच आल्या होत्या. टीबी ऐकूनही रोज आत येऊन बसणाऱ्या त्या एकट्याच. मी त्यांना थोडक्यात सांगितलं. “व्रत घेतलंय ना, मग पाळायलाच हवं,” असं म्हणून त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि पदर खोचून उभ्या राहिल्या.

सिस्टर प्रिसिला पलंगासमोर ताठ उभी राहिली. “सिस्टर आग्नेस, पवित्र आज्ञापालनाच्या व्रताने मी तुम्हाला आज्ञा देते. शरीराला काय होतंय ते सगळं खरं सांगा. काही लपवू नका.”

ताईचा चेहरा पांढरा पडला. मग ती शाळेतल्या मुलीसारखी सांगायला लागली. डावं पाऊल चार दिवसांपासून बधिर आहे. उजव्यालाही आता मुंग्या येतात. कालपासून लघवी नीट होत नाही. दुखणं दहापैकी नऊ.

“कंबर कधीपासून?”

“मागच्या पावसाळ्यापासून.”

मी सुपीरियरवर उसळले. “आणि तुम्ही वर्षभर बघत बसलात?”

“मी दर महिन्याला विचारत होते,” सिस्टर प्रिसिला म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज कडक होता, आणि त्या माझ्याशी नाही, ताईशी बोलत होत्या. “आजार लपवायचा नाही, हा आमचा नियम आहे. तुम्हीच मला शिकवला, सिस्टर, मी नवीन होते तेव्हा. हा नम्रपणा नाही. ही मनमानी आहे.”

ताई मान खाली घालून रडत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला एखाद्या सुपीरियरच्या बाजूने टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. ताईचा मात्र असा राग आला की काय सांगू. ज्या आज्ञाधारकपणाला मी नावं ठेवत आले, तो तिच्यात पुरता नव्हताच. सगळ्यांचं ऐकायचं आणि स्वतःचा हट्ट तेवढा देवाच्या नावावर खपवायचा, हे तिचं जन्मभराचं तंत्र होतं.

त्याच संध्याकाळी डिकम्प्रेशन झालं, म्हणजे पू काढून दाबलेल्या नसा मोकळ्या केल्या आणि मणक्याला स्क्रूंचा आधार दिला. सिस्टर प्रिसिला बाहेरच्या बाकावर माळ जपत बसल्या होत्या आणि मी त्यांच्या शेजारी नुसतीच. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, “वेळेत आणलंत. आणखी एक-दोन दिवस गेले असते तर मी काही वचन देऊ शकलो नसतो.” लघवी लवकर सुरळीत झाली. पाऊल उचलायला बरेच आठवडे लागले. गोळ्या अजून चालू आहेत.

तुमच्या घरात कधीच कुरकुर न करणारं माणूस असेल, तर कृपा करून त्याचं कौतुक करू नका. कौतुकाने ते आणखी सोसतं. त्याला तपासून आणा, आणि ते ऐकत नसेल तर ते कोणाचं ऐकतं हे शोधून काढा. मग त्या माणसाचे पाय धरावे लागले तरी धरा.

ताई आता कॉन्व्हेंटात परतली आहे, तळमजल्यावरच्या खोलीत. डॉक्टरांनी गुडघे टेकायला मनाई केली आणि सिस्टर प्रिसिलांनी त्यावर आपली आज्ञा चढवली. गेल्या रविवारी मी तिला भेटायला गेले तेव्हा मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, चालू होती. सगळ्यांनी गुडघे टेकले आणि ताई एकटी पुढच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिली. मागून कोणीतरी कुजबुजलं. ताईचे कान लाल झाले, तिने खुर्चीची कड घट्ट धरली, पण गुडघे टेकायला उठली नाही. वर्षभर कंबर ठणकत असताना तिच्या तोंडावर मी इतकं दुःख पाहिलं नव्हतं.

मी जाऊन तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. माझे गुडघे ठणठणीत आहेत. पण मीही उठले नाही.