काळविटाचे दात

राज्य खालसा झालं, पण अप्पांचा तोरा काही खालसा झाला नाही. माझे वडील तंजावरच्या दरबारात काळविटं सांभाळायचे. दात बघून जनावराचं वय सांगण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. पुढे आम्ही कुंभकोणमबाहेर, नाचियारकोविलच्या वाटेवर घर केलं. त्याच वर्षी माझी लेक जन्मली आणि अप्पांनी खोल विहीर खणवली. शेजारी जनावरांसाठी दगडी कुंडही बांधलं.

उन्हाळ्यात कावेरीची नुसती वाळू उरली की माळावरची काळविटं कुंडावर यायची. काही लंगडत, गुडघे आखडलेले. एखादं मरून पडलं की अप्पा जबडा उघडायचे. दात तपकिरी, झिजलेले. "म्हातारं झालं होतं बिचारं," म्हणायचे. मला ते पटायचं नाही. सगळी म्हातारीच कशी येतात? तरणी काय हवा पिऊन जगतात? पण अप्पांपुढे बोलायची सोय नव्हती.

लेक सहा वर्षांची झाली, तिचे पुढचे दुधाचे दात पडले, त्या उन्हाळ्यात कुंडापाशी एक नर मेला. अप्पांनी जबडा उघडला. "म्हातारा."

"अप्पा, शिंगाला पीळ एकच आहे."

वयाबरोबर पीळ वाढतात, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. ते शिंग चाचपत राहिले, मग जबडा, मग पुन्हा शिंग. शेवटी विहिरीकडे वळून म्हणाले, "पाण्यातच काहीतरी आहे गं. जमिनीतलं."

मी तंजावरच्या पाण्यावर वाढले, माझे दात वाचले. पोर तर याच विहिरीवर! अप्पांनी त्याच दिवशी कुंड फोडलं. मी वाळूत झिरा उकरून नदीचं पाणी आणू लागले. काळविटं यायची, फुटका दगड चाटून परत जायची, तेही बघवेना. घरात माझा पाय ठरेना. मी दिवसातून दहादा पोरीचा ओठ वर करून नवा दात आला का बघायचे. ती वैतागायची, "आई, मी काय काळवीट आहे?"

आषाढात कावेरीला पाणी आलं आणि त्याच आठवड्यात पोरीचा नवा दात आला. मधोमध तपकिरी रेघ होती.

"कसा आलाय गं?" अप्पांनी ओसरीवरून विचारलं.

"मोत्यासारखा!" मी ओरडून सांगितलं. तेवढ्यात पोर धावत गेली, आजोबांच्या मांडीवर बसली आणि दात दाखवायला तोंड उघडून हसली.