हनीफभाईंचं अर्धं वाक्य

हनीफभाईंच्या घरून भाभींचा फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. "सर, हे गेले..." एवढंच त्या बोलल्या. त्याला आता सात आठवडे झाले.

हनीफभाई सौदीत पंधरा वर्षं वायरमनचं काम करून पनवेलला परतले आणि पन्नाशीत धावायला लागले. मी सुकापूरला गणित शिकवतो. रविवारी पहाटे आम्ही स्कूटरने आपट्याला जायचो आणि पाताळगंगेच्या काठाने टेम्पो रन करायचो... म्हणजे दम लागेल, पण थांबावं लागणार नाही, अशा वेगाने लांब धावणं. तो वेग कसा धरायचा, यावरून आमचं कायम वाजायचं. माझा विश्वास घड्याळावर: ठरलेला वेग, सलग चाळीस मिनिटं. ते दहा-दहा मिनिटांचे तुकडे करत, मध्ये मिनिटभर चालत. म्हणत, "सर, अर्धं वाक्य बोलता आलं की रफ्तार बरोबर. पूर्ण आलं तर आळस, काहीच नाही आलं तर हाव." धुक्यात नदी दिसायची नाही, नुसता तिचा गारवा अंगावर यायचा. शेजारी त्यांचा श्वास... कधीकधी तो माझाच वाटायचा.

त्या रविवारी, माझ्या हट्टाखातर, ते माझ्या पद्धतीने धावायला तयार झाले. पंचविसाव्या मिनिटाला मागून आवाज आला, "सर, जरा..." अर्धं वाक्य! म्हणजे रफ्तार बरोबर. मी हसत पुढे गेलो. घड्याळात चाळीस मिनिटं भरली तेव्हाच वळलो. ते ओढ्यावरच्या एका साकवाच्या कठड्यावर बसले होते, छातीवर हात, घामाने निथळत.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "तुम्ही थांबा म्हणत होतात ना?"

"नाही हो. जरा पुढे व्हा, म्हणत होतो. मी येतोच."

खोटं बोलताना त्यांची नजर खाली जायची. तेव्हाही गेली. त्यानंतर आठवडाभरात ते गेले.

चाळिसाव्या दिवसाची दुआ झाल्यावर मी भाभींना हे सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग म्हणाल्या, "मला तिथं न्या."

गेल्या रविवारी नेलं. त्या त्याच कठड्यावर बसल्या. धुकं विरत होतं, पलीकडचा काठ हळूहळू उमटत होता.

"इतकी वर्षं पहाटे उठून चहा करून दिला," त्या म्हणाल्या, "पण त्यांना धावताना कधी पाहिलंच नाही. कसे धावायचे हो?"

मी उठलो, आणि डावा खांदा किंचित पाडून, मुठी सैल सोडून, हनीफभाईंसारखा वळणापर्यंत धावत गेलो.