मरून जाकीट

नोकरीत कितीतरी गुन्हे आले आणि फायलींत बंद झाले. पण बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यातल्या कारखान्यातली ती चोरी अजून मनातून जात नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तिथल्या ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. टीव्हीचे रिमोट बनवणाऱ्या एका कारखान्याच्या स्टोअरमधून महागड्या सुट्या भागांची पेटी भरदुपारी गेली. दाराशी संगणकाला जोडलेला डिजिटल कॅमेरा होता. त्यात एकच कामाचा फोटो सापडला: पेटी नेणारा पाठमोरा माणूस, अंगात मरून जाकीट.

"असं जाकीट आमच्या एका हमालाकडे आहे," सिक्युरिटी सुपरवायझरने मला बाजूला घेऊन सांगितलं. हमालाला ठाण्यात आणलं. जाकीटही मिळालं.

"सार, स्वल्प, जरा ऐका. मी मागच्या गेटवर ट्रक उतरवत होतो," एवढंच तो कन्नडमध्ये सांगत राहिला. ट्रकवाला परगावी निघून गेला होता. खोटं बोलणारा सहसा हकिगत बदलतो. हा दिवसभरात एकदाही बदलला नाही. तिथेच मी थांबायला हवं होतं. पण हातात फोटो होता.

दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टात हजर करण्याचे कागद तयार होत असताना कारखान्यातली एक टेक्निशियन बाई आली. आमच्यासारखंच पिढ्यानपिढ्या बेंगळुरूत राहिलेलं मराठी घर. माझ्या छातीवरचं नाव वाचून ती मराठीत बोलली.

"अण्णा, त्या फोटोतला रंग खरा नाही. चूक माझी आहे."

मी तिला बसवलं आणि तिने समजावून सांगितलं. रिमोटमधून निघणारा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्याच्या सेन्सरला दिसतो. तो अडवायला आत निळसर काचेचा फिल्टर असतो. रिमोट तपासण्यासाठी तिने तो काढून ठेवला होता. पुढे कुणीतरी तोच कॅमेरा स्टोअरपाशी लावला.

"उन्हातही तो प्रकाश असतो. पॉलिस्टर-नायलॉनचं काळं कापड तो परत फेकतं, मग कॅमेऱ्याला ते मरून दिसतं. फोटोत मागच्या खिडकीतल्या कुंडीची पानं बघा. हिरवी आहेत का?"

पानं फिकट गुलाबी होती. मी ती आधीच पाहिली होती आणि प्रिंट खराब आहे म्हणून सोडून दिली होती.

पंचांसमोर एका कॉन्स्टेबलला काळा नायलॉनचा रेनकोट घालून त्याच खिडकीपाशी उभं केलं. फोटोत रेनकोट मरून आला. बाईने फिल्टर बसवला. आता तो काळा आला. पंचनामा झाला.

कारखान्यात काळं पॉलिस्टरचं जाकीट एकटा सुपरवायझर घालायचा. मी दोन्ही फोटो त्याच्यापुढे ठेवले.

"त्या दुपारी कुठं होतास?"

तीनदा विचारलं, त्याने तीन वेगळ्या जागा सांगितल्या. संध्याकाळी मारतहळ्ळीतल्या त्याच्या खोलीतून पेटी जप्त केली.

हमालाला सोडलं आणि कॅन्टीनमध्ये सर्व कामगारांसमोर त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "सरी सार, ठीक आहे. पण घरी येऊन बायकोलाही सांगाल का?" मी गेलो. त्याच्या बायकोने सगळं ऐकलं आणि माझ्यापुढे कॉफीचा पेला ठेवला. तो पेला उचलायला मला धीर गोळा करावा लागला.

पुरावा कसा तयार झाला हे विचारल्याशिवाय त्यावर विसंबायचं नाही, हे मी तिथे शिकलो. पण त्या बाईचं ऋण याहून मोठं आहे. कॅमेऱ्याशी छेडछाड केली म्हणून तिला कारखान्याने मेमो दिला. ती गप्प राहिली असती तर माझी केस उभी राहिली असती आणि एक निरपराध माणूस आत गेला असता. बोलण्यात तोटा होता तो फक्त तिचा, आणि तरीही रजा टाकून, दोन बस बदलून ती ठाण्यात आली.