अर्धशिशी आणि मंगळवार

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट कळलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, पुढे लिहिण्याची वेळ फारशी आलीच नाही. चुका असतील त्या पोटात घालाव्यात. हे मी लोकांना दाखवायला लिहीत नाही. ही डोकेदुखी आईकडून लेकीकडे जाते असं डॉक्टर म्हणाले होते. माझ्या आईला होती, मला आली. पुढे घरातल्या एखाद्या मुलीला आली, तर तिला माझ्यासारखं चाचपडत बसावं लागू नये, एवढ्यासाठी लिहिते.

मला काय झालंय ते धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात कळलं. माझी नणंद धुळ्याला असते, तिच्याकडे उतरलो होतो. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरीचा उजेड टाकून पाहिला, गुडघ्यावर लहानशी हातोडी मारली, मान वाकवायला लावली आणि म्हणाले, "बाई, ही अर्धशिशी आहे."

त्या काळी दवाखान्यात पातळ औषधासाठी शिशी आपली आपण न्यावी लागे. मी धुऊन, वाळवून एक पिशवीत नेली होती. ती काढून पुढे धरली आणि म्हटलं, "अर्धी नका, पुरी भरून द्या. आम्ही जळगावहून आलोय."

नर्सबाई तोंडावर हात ठेवून हसल्या. आमचे हे पण हसले. मी मान खाली घातली. डॉक्टर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "शिशी म्हणजे बाटली नव्हे. शीर्ष म्हणजे डोकं. अर्धंच डोकं दुखतं म्हणून अर्धशिशी. इंग्रजीत याला मायग्रेन म्हणतात. डोक्यातल्या रक्तवाहिन्या आधी आवळतात, मग फुगतात, म्हणून ठोके पडतात. गाठ नाही, वेड नाही, बाहेरचंही काही नाही."

वेड नाही म्हटल्यावर मला रडू आलं.

आमच्याकडे याला नुसतं 'डोकं चढलं' म्हणत. माझं चढायला लागलं ते धाकट्या मुलीच्या जन्मानंतर. आधी डोळ्यांपुढे बांगडीची काच उन्हात धरल्यासारखं काही चमके, वाकडंतिकडं. मग उजेड सोसेना. मग डाव्या भुवईपासून मानेपर्यंत घण बसत. फोडणीचा वास आला की उलटी. भांडं आपटलं की ते माझ्या कपाळावरच आपटे.

कुणी म्हणालं, नजर कमी झाली. चष्मा केला, फरक नाही. कुणी म्हणालं, दाढ किडली. बाजारात बसणाऱ्या माणसाकडून चांगली दाढ उपटून घेतली, तिची जागा अजून रिकामी आहे. एका भगतानं लिंबू उतरवून दिलं. सुंठ उगाळून लावली, तिनं थोडा वेळ बरं वाटे.

सासूबाईंना आम्ही जिजी म्हणायचो. त्यांची बोली अहिराणी, आणि जीभ तिखट. मी कपाळाला फडकं बांधून पडले की दारातून म्हणायच्या, "डोकं बठ्ठासनंच दुखस. आम्ही काय डोकं माहेरले ठेई उनूत का?" म्हणजे, डोकं सगळ्यांचंच दुखतं, आम्ही काय ते माहेरी ठेवून आलो का. मला उलट बोलता येतच नसे, बऱ्या दिवशीसुद्धा.

पण त्यांनीच एकदा सुचवलं, की देवीचा शुक्रवार पण धर, डोकं उतरेल. मंगळवार मी आधीपासून धरतच होते. मोठा मुलगा भास्कर दोन वर्षांचा असताना मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉईड, त्याला झाला होता. पोर डोळे उघडत नव्हतं. तेव्हा मी धुळ्याच्या देवीला बोलले होते, याला वाचव, मी जन्मभर मंगळवार निर्जळी करीन. सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. देवीनं ऐकलं. भास्कर उठला. त्याच्या मंगळवाराला डोकेदुखीचा शुक्रवार जोडला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "साधारण कोणत्या दिवशी दुखतं?"

मला सांगता येईना. हेच म्हणाले, "बुधवारी. आमच्या डाळमिलला बुधवारी सुटी असते. आठवड्यातला एक दिवस घरी जेवायला मिळतो आणि त्याच दिवशी ही पडलेली. आता शनिवारीही पडते."

"आणि मंगळवारी काय असतं?"

हे तोवर खिडकीवर औषध आणायला वळले होते. मी हळूच सांगितलं, उपास. शुक्रवारीही उपास. डॉक्टरांनी टाक खाली ठेवला. "पाणीही नाही? या उन्हात?" मग म्हणाले, "बाई, गोळी मी लिहून दिलीय. पण तुमचं डोकं उपाशी पोटानं उठतंय. डोकं थांबावं म्हणून तुम्ही उपास वाढवला आणि उपासानं डोकं वाढलं. उपाशी राहा असं देवी म्हणाली, का तुम्ही म्हणालात?"

एसटीत पारोळ्यापर्यंत तेच डोक्यात फिरत होतं. यांना सांगितलं नाही. घरी कुणालाच सांगितलं नाही.

डॉक्टरांचं बाकी सगळं मी ऐकलं. शुक्रवार सोडला, तो माझ्या डोक्यासाठीच होता, त्याचं काही वाटलं नाही. सकाळी उठल्यावर चुलीपुढे बसायच्या आधी अर्धी भाकर आणि दूध घेऊ लागले. तांब्याभर पाणी जवळ ठेवू लागले. उन्हात जाताना डोक्यावरचा पदर ओला करून घेत असे. झोप रोज एकाच वेळी. काच चमकायला लागली की वाट बघायची नाही, गोळी घ्यायची, अंधाऱ्या खोलीत कपाळावर गार पाण्याची घडी ठेवून पडायचं. तेव्हाच पडलं तर तासाभरात उतरे. आधी काम उरकते, मग पडते म्हटलं, की दिवस गेलाच.

शनिवार सुटला. बुधवार राहिला.

कारण मंगळवार मी सोडू शकत नव्हते. माझं डोकं एकीकडे आणि भास्कर एकीकडे. यात तोलायचं काय? पण एका बुधवारी डोकं इतकं चढलं, की धाकटी रांगत चुलीजवळ गेली ते मला दिसलं नाही. जिजींनी ओढली म्हणून वाचली. पुढच्या मंगळवारी मी दुपारी दार लोटून घेतलं, पाणी प्यायले आणि दोन केळी खाल्ली.

संध्याकाळी भास्कर शाळेतून आला तो अंग तापवूनच.

त्याच्या कपाळाला हात लावला आणि मला ती दोन केळी आठवली. सात वर्षांचं पोर, पांघरूण मागत होतं. मी उशाशी बसून नुसती "माझं चुकलं, माझं चुकलं" म्हणत होते. जिजी आल्या. म्हणाल्या, "ताप त्याले शे, तू का बरं बरळस?"

मग मी सांगून टाकलं. डॉक्टर, उपास, केळी, सगळं. जिजींशी एवढं लांब मी लग्न होऊन आल्यापासून बोलले नव्हते.

त्यांनी भास्करचा हात हातात घेतला. मला वाटलं, आता काय ऐकावं लागतंय. त्या म्हणाल्या, "डॉक्टरनं सांगं ते माले का बरं सांगं नही?"

"नवस मी बोलले होते, जिजी."

"तो मन्हाबी नातू शे ना व? का तुन्हा माहेरथून आणेल शे?" मग जरा आवाज उतरवून म्हणाल्या, "नवस घरना शे. तू एकलीना नही. देवी काय सावकार शे, ज्यानं नाव लिखेल त्यानंच फेडानं? मी तशी एकच टाईम जेवस. मंगळवार मी धरसू."

त्यांनी उठून देव्हाऱ्यापुढे दिवा लावला आणि देवीशी बोलल्या, शेजारणीशी बोलावं तशा. सुनेचं डोकं चालत नाही, आजपासून माझं धर. मी चमकून बघितलं, तर डोळे मिटूनच म्हणाल्या, "खोटं शे का?"

भास्करचा ताप मात्र देवीचा नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यानं कबूल केलं, की मित्रांबरोबर गुरांची पेंड भिजवायच्या हौदात पोहून आला होता. ताप दोन दिवसांत उतरला. पण मला त्या रात्री हे माहीत नव्हतं आणि जिजींनाही नव्हतं, ते मी विसरत नाही.

पुढच्या मंगळवारी जिजींनी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर आणि वांग्याचं भरीत माझ्यापुढे ठेवलं. माझा हात जाईना. "खाय. उपास मन्हा शे, तुन्हा नही," म्हणाल्या आणि मी शेवटचा घास गिळेपर्यंत समोरून हलल्या नाहीत. बुधवारी मी उभी होते. यांना गरम भाकर मिळाली. यांनी एक जास्तच खाल्ली.

जिला हे होईल तिला माझं सांगणं थोडं आहे. दुखलं कधी ते बघण्यापेक्षा, आदल्या दिवशी काय झालं ते बघ. भूक, तहान, ऊन, जागरण, रॉकेलचा वास, पाळी, एखाद्या दिवशी चुकलेला चहा, प्रत्येकीचं वेगळं असतं. माझं भुकेचं निघालं. सुंठीचा लेप, गार पाणी, अंधार, झोप यांनी उतार पडतो. पण डोकं कधी नव्हे तसं एकाएकी फुटायला लागलं, किंवा तापाबरोबर मान आखडली, हातपाय जड झाले, बोलणं अडखळलं, तर लेप लावत बसू नको, दवाखाना गाठ. डॉक्टरांनी मला हे दोनदा बजावलं होतं. आणि घरात सांग. मी लाजेपायी सांगितलं नाही, त्यात कितीतरी बुधवार वाया गेले.

माझं डोकं अजूनही वर्षातून एकदा-दोनदा चढतं. आता भीती वाटत नाही.

जिजींनी मंगळवार सोडला नाही. पाणी मात्र मी त्यांना घ्यायला लावलं, त्यासाठी मला भांडावं लागलं, आणि भांडता येतं हे मला तेव्हा कळलं. भास्कर मॅट्रिक झाला तेव्हा त्या म्हणाल्या, आता व्रत उजवू, जन्मभराचं काय ते देवीशी मी बोलते. आम्ही धुळ्याला देवीला गेलो. त्यांनी नारळ फोडला, खणानारळानं ओटी भरली. मी मागे उभी होते, तर दंडाला धरून पुढे ओढलं आणि देवीला म्हणाल्या, "माय, सूनना नवस सासूनी फेडेल शे. आते आमनाकडे तुन्हं काही बाकी नही."

मग पायरीवर बसून त्यांनी प्रसादाचं खोबरं मोडलं आणि मोठा तुकडा आधी मला दिला. मंगळवारच होता.