हवालदिल

दिवाळीनंतरचा शुक्रवार, घोडेगावचा गुरांचा बाजार. हजर: वडील, मी, टेम्पोवाला आणि आमची गाय. आई पावसाळ्यात गेली.

हवालदिल हा शब्द वर्तमानपत्रात दुष्काळ, गारपीट असल्या मोठ्या संकटांसोबत येतो. आईच्या तोंडी तो रोज असे, तोही किरकोळ गोष्टींसाठी. माझी एसटी चुकली की म्हणायची, "झाली का हवालदिल? दुसरी यील की." धीर सुटलेला, काय करावं ते सुचत नाही असा, हा त्याचा अर्थ. आई तो चिडवायला वापरायची आणि आमचा धीर परत यायचा.

गाय आईशिवाय कुणाला पान्हा सोडत नसे. ती गेल्यावर वडील तिची साडी अंगाला गुंडाळून, डोक्यावर पदर घेऊन धार काढायला बसू लागले. गाय साडी हुंगायची आणि दूध द्यायची. पण वडिलांचे गुडघे पार गेलेले. उकिडवं बसवेना, म्हणून विकायचं ठरलं.

बाजारात गिऱ्हाइकानं विचारलं, "दूध कुनाच्या हातावर देती, बाबा?"

"मालकिनीच्या."

"मग मालकीन बी द्या की टेम्पोत बसवून!"

आजूबाजूचे हसले. वडीलही हसले, मग गायीच्या पाठीवरून हात फिरवू लागले. मी त्या माणसाला बाजूला नेऊन सगळं सांगितलं, साडीचंही. "चुकलं, ताई," म्हणत त्यानं कान धरले. रुमालाखाली बोटं धरून, खुणेनं भाव ठरवून सौदा झाला.

परवा त्याच्या बायकोचा फोन आला. "ताई, गाय वैरनीला तोंड लावंना. कास तटलीया, पर दूध सोडत न्हाई. लई हवालदिल झालीया बघा. ती साडी द्या की पाठवून."

ती चेष्टा करत नव्हती. फोन स्पीकरवर होता. उलटा फोन करते म्हणून मी ठेवला.

"तेवढीच ऱ्हायलीय," वडील म्हणाले. बाकीच्या साड्या तेराव्याला नातलगांत वाटून झाल्या होत्या.

"दादा, अर्धी फाडून देऊ का?" मी वडिलांना विचारलं.

"फाडू नको."

"मग काय सांगू त्यांना?"

त्यांनी साडी मांडीवर घेतली, घडी उलगडली, पुन्हा घातली. तटलेली कास किती दुखते, हे त्यांना माझ्याहून जास्त कळतं. "सांग," एवढंच म्हणाले, आणि घडी परत उलगडू लागले.

त्या बाईला उलटा फोन करायचा आहे. अजून केलेला नाही.