आक्काचं गणगोत

“कोनाचा तू? मोठ्यानं बोल! पोलीस काय कानात येऊन इचारनार हाय?”

आक्का ओरडत होती. समोर अंगणात पुण्याचे एक गृहस्थ उभे होते. बँकेत नोकरी, डोक्याला कानटोपी, काखेत वळकटी, मागे बायको. रायगड बघायला निघाले होते आणि एका रात्रीपुरती खोली मागत होते.

“मी तुमच्या थोरल्या दिरांचा...”

“दिरांचा कोन? जावय! मगाशी सांगितला ना, जावय! आन् ही कोन?”

“ही... माझ्या सासऱ्यांची मुलगी,” गृहस्थ बायकोकडे बघत म्हणाले.

उत्तर चोख होतं. पण ते देताना त्यांना असा घाम फुटला, की कानटोपीतून वाफ निघताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. आक्कानं मग खोलीचं कुलूप काढलं आणि एकदम मऊ आवाजात म्हणाली, “या हो जावयबापू. पानी तापलंय.”

महाडच्या बाजारपेठेमागे, सावित्रीच्या अंगाला उतरणाऱ्या गल्लीत आक्काचं घर होतं. ओळीत चार खोल्या. एकीत ती, एकीत मी, उरलेल्या दोन पाव्हण्यांच्या. परवाना कसलाच नव्हता. लॉज चालवायचं तर परवाना लागतो, पोलिसात वर्दी लागते, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं, आणि त्या दिवसापासून तिची झोप उडाली होती. पण विधवा बाईला पोटही होतं. तेव्हा तिनं तोड काढली. जो येईल तो नातेवाईक. नातेवाइकाला परवाना लागत नाही. तो जाताना प्रेमानं देवापुढे काही ठेवून गेला, तर ते देवाचं. आक्काचे यजमान आईबापांना एकुलते एक होते. वारल्यानंतर त्यांना निदान अकरा भाऊ झाले.

भित्री माणसं मी पुष्कळ पाहिली, पण आक्काची भीती मापाच्या बाहेरची होती. खाकी रंग दिसला की ती परसातल्या गवताच्या उडवीत शिरायची. पोस्टमन तिची पत्रं उडवीवरच ठेवून जायचा. एकदा एक एसटी कंडक्टर साधं पाणी प्यायला दारात आला, तर हिनं आतून ओरडून सगळ्या भावकीची नावं सांगून टाकली. रात्री गल्लीत बूट वाजले, की तिची छाती अशी धडधडायची, की शेजारचा गिरणीवाला उठून पट्टा तपासायचा. मी सांगतो त्यातलं निम्मं खरं धरा, तरी पुरेल.

तिच्या भीतीचं मूळ स्टँडासमोर दुमजली उभं होतं. लॉज. मालकाला सगळे लॉजशेठ म्हणत; पोलिसात तक्रार केली तर तोच करणार. त्याच्याकडे पंखे होते, कागदात गुंडाळलेला साबण होता, आणि ढेकूण असे होते, की गिऱ्हाइकाला पहाटे गजराची गरज पडू नये. आक्काकडे बंबाचं कढत पाणी, चुलीवरचा भात, कुळथाचं पिठलं, कधी सुकटीची चटणी. औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या चिमण्या उभ्या राहायला लागल्या होत्या. यंत्रं बसवायला मुंबईचे फिटर येत, औषधांचे एजंट येत, सुट्टीत गड चढणारे येत. एकदा आक्काचा भात जेवलेला माणूस पुढच्या खेपेला स्टँडवर उतरून सरळ गल्लीत शिरायचा. लॉजशेठ गॅलरीत उभा राहून बघायचा आणि म्हणायचा, “महाडात एवढं गणगोत एका माणसाचं? मग ह्या बाईला खासदारच करा!”

आता मी तिथे कसा, ते सांगायला हवं. मी कापडे गावाच्या वरच्या अंगाच्या बौद्धवाडीतला. कारखान्यात बॉयलरवर नोकरी लागली. पहिल्या पाळीला गावाहून एसटी मिळणं शक्य नव्हतं, म्हणजे खोली मिळाली तर नोकरी, नाहीतर पुन्हा बापाबरोबर दुसऱ्याच्या भातखाचरात. मी महाड पालथं घातलं. लोक फार प्रेमानं बोलत. गाव कोणतं, कामाला कुठे, जेवलास का. मग आडनाव. आडनाव ऐकलं की खोली नेमकी कालच दिलेली असायची. लॉजशेठकडे तर खाटा मला दारातूनच दिसत होत्या. शेठला फक्त मी दिसत नव्हतो.

दिवस कलता मी आक्काच्या दारात पोचलो. पायात गोळे, पोटात काही नाही. म्हटलं, आधीच सांगून टाकू, म्हणजे निदान चुलीचा वास घ्यायला उभं राहायला नको. “आक्का, माझं आडनाव...”

“आडनाव नको सांगू!” ती किंचाळलीच. “आडनावं लक्षात ऱ्हात नाय माझ्या, मग पोलिसापुढं घोटाला होतो. तू माझ्या धाकट्या बहिनीचा मुलगा. काय?”

“धाकट्या बहिणीचा.”

“मोठ्यानं!”

मी असा ओरडलो, की सावित्रीपलीकडे म्हशी उठून उभ्या राहिल्या. आक्काला धाकटी बहीण नव्हती. थोरलीही नव्हती. पण मला खोली मिळाली.

तेव्हापासून त्या घरात दोन भित्रे राहायला लागले. ती पोलिसाला भ्यायची आणि मी तिला. आज माझी वाडी कळेल, उद्या कळेल, कुणीतरी सांगेल. ती पाणी भरायला गेली की मी खिडकीतून तिचा परततानाचा चेहरा बघायचो. तिनं ताट जरा जोरात ठेवलं की मी मनातल्या मनात वळकटी बांधायचो. पाळीवरून येताना गल्लीच्या तोंडाशीच मी मान उंच करून बघायचो, आज माझं अंथरूण बाहेर अंगणात पडलंय का. बॉयलरचा काटा लाल रेघेला टेकला तरी मला एवढी धास्ती वाटली नाही. आणि ती बाई मला वाढताना म्हणायची, “खा रे, बहीन म्हनंल माझ्या मुलाला उपाशी ठेवला.” जी बहीण जगात नव्हती, तिचा तिला धाक होता!

नातं एकदा सांगितलं की आक्का ते पाळायची, ही तिची दुसरी खोड. औषधांचा एक एजंट दर महिन्याला यायचा. त्याला तिनं चुलत दिराचा मुलगा केलं होतं. एकदा तो आला नाही, त्याच्या जागी आलेल्या माणसानं सांगितलं, की तो हृदयविकारानं गेला. आक्का मटकन खाली बसली. आणि मग तिनं सुतक धरलं. दहा दिवस देवाला दिवा नाही, खोल्यांना कुलूप. ऐन हंगामात! रायगडाचे पाव्हणे दारातून परत लॉजकडे गेले. शेठनं त्या आठवड्यात पेढे वाटल्याचं मी ऐकलं.

मी म्हणालो, “आक्का, अहो तो तुमचा कुणीही नव्हता.”

“हळू बोल,” ती देवघराकडे बघत कुजबुजली. “मानसांना सांगितला दिराचा मुलगा, आन् आता देवाला सांगू का, की नाय? एका तोंडानं दोन गोष्टी सांगितल्या की मानूस पकडला जातो.”

तिला देवही पोलिसासारखाच वाटत असे. फक्त खाकीत नसलेला.

सुतक फिटलं, पाव्हणे परत यायला लागले, आणि लॉजशेठचे पेढे कडू झाले. मग त्यानं माझी चौकशी सुरू केली. कारखान्याच्या फाटकाशी, कापड्याच्या एसटीत, कुठे कुठे. एका रविवारी सकाळी मी अंगणात दाढी करत होतो. गल्लीतून बूट वाजले. लॉजशेठ, आणि त्याच्या मागे हवालदार. आक्कानं उडवीकडे पाहिलं, पण वाट हवालदारानं अडवली होती.

“बाई,” हवालदार म्हणाला, “तक्रार आहे. विनापरवाना लॉज चालवता.”

आक्काच्या हातातली कळशी इतकी हिंदकळत होती, की पाणी आपोआप अंगणात सडा घालत होतं. “सगली घरची मानसं हायत, साहेब.”

“हा कोण?”

माझ्या अर्ध्या गालावर साबण होता.

“बहिनीचा मुलगा.”

शेठ ह्याचीच वाट बघत होता. तो अंगणाच्या मध्ये आला, आणि सगळ्या गल्लीच्या खिडक्यांना ऐकू जाईल असा ओरडला, “बहिणीचा? विचारा ह्याला वाडी कोणती! विचारा आडनाव!” आणि त्यानं स्वतःच माझं आडनाव सांगितलं. वाडीही सांगितली. एवढ्या मोठ्यानं, की मला वाटलं, पार पोलादपूरच्या स्टँडवर लोकांनी माना वळवल्या.

गिरणी थांबली. खरंच थांबली, ह्यात अतिशयोक्ती नाही. खिडक्यांत एकेक शेजारीण उगवली. आता डाव उघड होता. मी भाचा नाही म्हटलं, की खोल्या भाड्यानं देत असल्याचं कबूल, दंड आणि कुलूप. भाचा आहे म्हटलं, तर आक्कानं माझी मावशी म्हणून ह्या गल्लीत, ह्या खिडक्यांसमोर, पुढे जन्म काढायचा. मला दोन्हीकडून माझं अंथरूण अंगणात दिसत होतं. मी वस्तरा खाली ठेवला, कारण हात स्वतःचाच गळा शोधायला लागला होता.

हवालदार माझ्याकडे वळला. “आईचं नाव काय रे?”

एवढी नाती घोकून घेणाऱ्या आक्कानं मला आईचं नाव कधी शिकवलं नव्हतं. मी आक्काकडे पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. माझ्या डोक्यात एकच नाव होतं, ते खरं होतं, आणि तेच तोंडातून गेलं.

“ठकूबाई.”

माझी आई. जन्मात महाडचा बाजार सोडून पुढे न गेलेली, आक्काला कधी न भेटलेली. तिचं नाव त्या अंगणात जाऊन पडलं.

“ठकी,” आक्का म्हणाली. आवाज फाटलेला होता, पण होता. “ठकी म्हनायचो आम्ही. लहानपनापास्नं हट्टी.”

“आक्काबाई!” शेठ ओरडला. “तुमची बहीण त्यांच्यात कशी?”

आणि मग कळशी खाली आदळून ती बाई, जी पोस्टमनला भ्यायची, असं ओरडली, की शेठ दोन पावलं मागं सरून माझ्या साबणाच्या पाण्यात उभा राहिला. “तिनं कुनाच्या घरात संसार केला तो आमच्या घरचा सवाल हाय! तुमच्या लॉजात खाट मागायला आल्येय का ती? माझी बहीन, माझा भाचा, तुम्ही कोन रे इचारनार?”

हवालदारानं डोक्यावरची टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली. “शेठ,” तो म्हणाला, “बाई नातं सांगतायत. नात्याला मी काय कलम लावू?” आणि तो बूट वाजवत निघून गेला. शेठ मागोमाग गेला, एक पाय ओला.

आक्का उंबऱ्यावर बसली. मी पाण्याचा पेला दिला, तो तिच्या दातांवर वाजत होता. पण प्यायली.

खोल्या वाचल्या. बाकीचं मात्र हळूहळू कळत गेलं. शेजारणी विरजण मागायला येईनाशा झाल्या. एवढंच. कुणी भांडलं नाही, कुणी बोललं नाही. पण रोज संध्याकाळी आक्का विरजणाची वाटी उंबऱ्याशी भरून ठेवायची आणि सकाळी तशीच आत न्यायची. विहिरीवर ती गेली की बाकीच्यांच्या कळशा आधीच भरलेल्या असायच्या आणि बायका घराकडे निघालेल्या. तिनं मला एका शब्दानं सांगितलं नाही. ती वाटी बघून मला पहिल्यांदा दुसरीच भीती वाटली. माझं अंथरूण बाहेर पडण्याची नाही, तर माझ्यामुळे ह्या बाईचं दार कायमचं ओस पडण्याची. त्या भीतीला कसलंच उत्तर मला घोकून ठेवता येईना.

तोवर वसाहतीत कामगारांसाठी चाळी उठल्या होत्या. तिथे एक खोली मिळत होती. एका संध्याकाळी मी धीर करून आक्कासमोर बसलो. ती तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, “आक्का, मी आता खोली सोडतो. माझ्यामुळे तुम्हाला फार सोसावं लागलं. मी गेलो, की गल्ली विसरेल.”

आक्कानं सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

“जा की,” ती म्हणाली. “पर दिवाळीला येयाला लागंल, आईला घेऊन. हवालदारापुढं सांगितलंय मी.”