बाबांच्या आवाजावर मतदान

जगाच्या चार कोपऱ्यांतली आठ-दहा माणसं आपापल्या घरी बसून माझ्या बापाच्या आवाजाचं काय करायचं ते ठरवतात, असं मी आमच्या गावात सांगितलं असतं तर लोकांनी मलाच बाहेरची बाधा झाली म्हणून उतारा टाकला असता. पण झालं तसंच. आणि ती माणसं वाईट नव्हती, याचा मला अजून राग आहे. वाईट असती तर शिव्या देऊन मोकळी झाले असते.

बाबांचं घर चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या गावात, शेत कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला. मी राहते कुडव्यात आणि गोंदियात कॉम्प्युटरचे क्लास घेते. जन्मभर ओढलेल्या बिडीनं बाबांचा घसा धरला तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. म्हणजे जीव राहील, आवाज जाईल. मी रडायचं सोडून इंटरनेटवर शोधायला बसले. माझा स्वभावच तो.

तिथं एक ॲप सापडलं. बोलता न येणारा माणूस टाइप करतो आणि फोन बोलतो. अशी ॲप पुष्कळ आहेत. पण यात एक भाग असा होता की आवाज जायच्या आधी तो रेकॉर्ड करून ठेवला, तर फोन त्याच आवाजाचे तुकडे जोडून बोलायचा. ऑपरेशनच्या आधी मी बाबांना खाटेवर बसवून वाक्यं वाचायला लावली. घसा आधीच बसलेला, त्यात ते वैतागले. "हे कोनाचं मराठी होय वं? मी असा बोलतो का कधी?" म्हणाले आणि आपलीच वाक्यं बोलत सुटले. मागे अंगणात कोंबडा ओरडत होता, त्याला कोण गप्प करणार? पुढे बाबांनी फोनवर 'पाणी' लिहिलं की त्यांच्या आवाजात पाणी यायचं आणि त्याला जोडून कोंबड्याची अर्धी बांग. आई हसून हसून बेजार व्हायची.

हा आवाज गावानं पहिल्यांदा ऐकला तो पाणीवाटपाच्या बैठकीत. आमच्याकडे एक रीत आहे. कालव्याच्या शेवटी ज्याचं शेत, तो बोलल्याशिवाय बैठक उठत नाही, कारण पाणी वरचे अडवतात आणि कमी खालच्याला पडतं. तो आला नसेल तर कुणीतरी त्याच्या घरी जातं. आला आणि गप्प बसला, तर तो रागावलाय असंच धरतात. त्या दिवशी बाबांनी खिशातून फोन काढला, सावकाश टाइप केलं, आणि फोनमधून बाबा म्हणाले, "आमच्या बांधीत अजून पाणी आलं नाई. वरचे काऊन अडवून राहिले?" माणसं दचकली. मग वरच्या शेतवाल्यानं त्यांच्याशी पूर्वीसारखंच कडाडून भांडण काढलं, आणि बाबा टाइप करत करत त्याला पुरून उरले. त्या रात्री ते दोन घास जास्त जेवले, असं आईनं मला सांगितलं.

हे ॲप कुणा कंपनीचं नाही. त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. ज्याला येतं तो त्यात सुधारणा करतो, फुकट, आपली नोकरी सांभाळून. मालकच नाही म्हटल्यावर निर्णय घ्यायचे कुणी? त्यासाठी त्यांनी नियम केलेत. प्रस्ताव कुणीही मांडावा. ठरल्या मुदतीत कुणाची हरकत आली नाही तर तो मंजूर. हरकत आली तर चर्चा, चर्चेनं भागलं नाही तर मतदान. आणि मत मोजायचं ते फक्त सभासदांचं, म्हणजे ज्यांनी वर्षानुवर्षं काम केलंय त्यांचं. बाकीच्यांचं मत वाचतात, धरत नाहीत. मी त्यांना आमच्या भागातल्या झाडीबोलीतल्या काही शब्दांचे उच्चार दुरुस्त करून दिले होते. तेवढ्यानं कुणी सभासद होत नाही.

गेल्या वर्षी तिथं प्रस्ताव आला की हा स्वतःच्या आवाजाचा भाग पुढच्या आवृत्तीतून काढून टाकावा. कारणं अगदी व्यवस्थित दिली होती. जुना कोड नव्या फोनवर चालत नाही, तो सांभाळायला एकच बाई उरलीय, आणि वापरणारे मूठभर. ज्यांना हवा त्यांना नव्या पद्धतीनं आवाज करून मिळेल, फक्त नव्यानं, स्वच्छ, भरपूर रेकॉर्डिंग पाठवावं. नव्यानं! बाबांच्या गळ्याला भोक आहे आणि त्यावर आईनं शिवलेला सुती रुमाल. बाबांचा फोनही म्हातारा झालेला. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं होतं. तो गेला की नवा घ्यायचा, नव्या फोनवर जुनं ॲप चालणार नाही, आणि नव्या ॲपमध्ये बाबा नसणार. इतकं सरळ होतं.

मी त्याच दिवशी हरकत घेतली. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, 'तुम्ही गप्प बसलेल्याला हो म्हणाला असं धरता. अहो, हे वापरणारे सगळे गप्पच आहेत, तेच तर त्यांचं दुखणं आहे!' त्याखाली लोकांनी लाल बदाम टाकले. बदाम भरपूर पडले, मत एकही पडलं नाही. एकानं फार नम्रपणे नियम समजावला, की एखादी गोष्ट राहावी असं ज्याला वाटतं, त्यानं ती सांभाळायची तयारी ठेवावी. मी म्हटलं, ठीक, मी सांभाळते.

सांभाळते म्हणणं सोपं होतं. मी मुलांना वर्ड आणि एक्सेल शिकवते. क्लास सुटला की तिथंच बसून मी त्या कोडशी झटायची. एक चूक मिटवावी तर चार नव्या उभ्या. शेवटी माझ्याकडच्या प्रतीत जे चालत होतं तेही माझ्या हातून बंद पडलं. दुसऱ्या एकानं सुचवलं, तुम्ही सगळा कोड घ्या आणि आपला वेगळा प्रकल्प सुरू करा, तेवढं स्वातंत्र्य इथं प्रत्येकाला आहे. वेगळी चूल मांडा म्हणे! चूल मांडायला लाकूडफाटा लागतो, माझ्याकडे काडेपेटीही नव्हती. मग हा भाग वापरणाऱ्यांना मी लिहिलं, तर एकाच घरातून उत्तर आलं. कुठल्याशा दूरच्या देशातल्या बाईनं लिहिलं, नवरा वारला, पण त्याचा फोन मी अजून चार्ज करते. माझं मत ठेवण्याच्या बाजूनं धरा. ते मतही मोजण्यातलं नव्हतं.

मी हटत नाही म्हटल्यावर सभासदांच्या समितीनं ऑनलाइन बैठक ठेवली आणि मला बोलावलं. मी ठरवलं, बाबांनाच बोलू द्यायचं. आवाज ऐकल्यावर तो काढून टाकायला कुणाची छाती होते ते बघूच. गावात नीट नेटवर्क मिळतं ते तलावाच्या पाळीवर, म्हणजे उंच बांधावर, म्हणून संध्याकाळी आम्ही दोघं तिथं जाऊन बसलो. काय बोलायचं ते मी बाबांकडून घोकून घेतलं होतं. तीनच वाक्यं होती, माझ्या मते दगडालाही पाझर फुटेल अशी.

आधी ती कोड सांभाळणारी बाई बोलली. डोळे सुजलेले, मागे खोलीतच कपडे वाळत घातलेले. दिवसभर नोकरी, घरात अंथरुणाला खिळलेली आई, आणि उरल्या वेळात हे काम. कितीदा सोडते म्हणाले, पण घ्यायला कुणी नाही, आणि काही बिघडलं की लोक मलाच बोलतात, असं ती सांगत होती. बाबांनी मला कोपरानं ढोसलं, काय म्हणते म्हणून. मी सांगितलं. सगळं सांगितलं. कुठून बुद्धी झाली कोण जाणे.

बाबा कितीतरी वर्षं गावचे पाणकर होते, तलावाचं पाणी शेताशेतांत वाटून देणारे. सोडतो म्हटलं की गाव म्हणायचं, तुमच्याशिवाय कोण आहे? आणि कुणाची धानाची बांधी सुकली की पहिली शिवी त्यांनाच. हे सगळं मी लहानपणापासून पाहत आलेली, तरी त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं नाही. बाबा टाइप करू लागले. मी घोकून घेतलेलं नव्हतंच ते.

फोन बोलला, "बाईले मोकळी करा. फुकटात करून राहिली बिचारी, घरी मायबी पडून हाये. घेनारा कोनी नाई तं तिच्याच मानेवर कायले ठेवून राहिले? माही हरकत नाई."

स्क्रीनवरचे सगळे चेहरे माझ्याकडे वळले. त्यांच्यात कुणालाही मराठी कळत नव्हतं. मी काहीही सांगू शकले असते. बाबा माझ्याकडे बघत होते. इंग्रजी त्यांना येत नाही, पण मी खोटं बोलले की त्यांना कळतं. मी जसंच्या तसं सांगितलं. ती बाई रडायला लागली. अध्यक्षांनी बाबांचे आभार मानले आणि इतिवृत्तात नोंद झाली, एकमतानं मंजूर, कुणाचीही हरकत नाही.

पाळीवरून उतरताना मी बाबांना नाही नाही ते बोलले. "तुमचा आवाज तुम्हीच देऊन टाकलात! मग मी कोणासाठी मरमर मरत होते?" ते थांबले, टाइप केलं. "त्याइचं काई चुकलं नाई, पोरी." मला ते माहीत होतं. चुकलं असतं तर मला भांडायला कुणीतरी उरलं असतं. आता कुणीच नव्हतं, आणि मी रस्त्यात उभी राहून लहान पोरीसारखी रडले.

दुसऱ्या दिवसापासून बाबा पाटीवर लिहू लागले. फोन बंद करून फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला. आईनं कळवलं तेव्हा मी तशीच स्कूटीवर गेले. म्हटलं, आहे तोवर बोला ना, भांडा माझ्याशी, बंद कशाला ठेवलाय? त्यांनी पाटीवर लिहिलं, 'वापरला तं फोन लवकर जाईन.' मग पुसून पुन्हा लिहिलं, 'मी जाताना बोलाले लागन.' मी ओरडले, जे तेव्हा बोलायचंय ते आत्ता बोला! त्यांनी मानेनंच नाही म्हटलं आणि पाटी पुसली.

आईचा फोन रोज येतो. पूर्वी ती आपला फोन बाबांच्या फोनला लावून धरायची आणि बाबा विचारायचे, "जेवली का वं?"  आता ज्या आवाजासाठी मी एवढी भांडले, तो ऐकू येऊ नये म्हणून देवाला हात जोडूनच मी फोन उचलते. तिकडून आई "काय करून राहिली वं?" म्हणाली की माझा जीव भांड्यात पडतो.